भांड्याएवढा मासा

मराठी संतकवितेत मासोळी येते ती बहुधा पाण्याबाहेर. पाण्यावेगळी झालेली, तळमळणारी, भक्ताच्या विरहाची उपमा होऊन. गेली अठरा-वीस वर्षे आम्ही दोघे ही प्रतिमा तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात शिकवत आलो आहोत. तिच्यात दडलेले गृहीतक मात्र आमच्या ध्यानात कधी आले नव्हते. मासोळीला पाणी मिळाले की तिचे दुःख संपते, असे ते गृहीतक. कोणते पाणी, किती पाणी, किती ऊन किंवा गार पाणी, हे विचारण्याचे कवीला कारण नव्हते. त्याच्यासमोर नदी होती. आमच्यासमोर आठ लिटरचे काचेचे गोल भांडे होते, आणि त्यात, पाण्यात असूनही तळमळणारे, दोन गोल्डफिश होते.

ही गोष्ट २०२१ च्या दिवाळीतली. मुलगी पाचवीत होती. टाळेबंदीच्या काळात तिचे वर्षदीड वर्ष मोबाइलच्या पडद्यासमोर गेले होते. घरात काहीतरी जिवंत आणावे, असे आम्हा दोघांना एकाच वेळी वाटले. कुत्रे नको, कारण आजींना दमा आहे. पोपट पिंजऱ्यात ठेवणे मनाला पटेना, शिवाय ते कायद्यानेही चालत नाही. उरला मासा. माशाला पिंजरा लागत नाही, अशी आमची तेव्हा प्रामाणिक समजूत होती.

गावात रंगीत माशांचे एकच दुकान होते (आता दोन झाली आहेत). ते आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने काढलेले. बी.ए.ला मराठी विशेष घेतलेला, वाचनाची खरी भूक असलेला मुलगा. त्याच्याविषयी पुढे लिहावे लागणार आहे. त्याने आम्हाला पाहताच स्टूल पुढे केले, चहा मागवला आणि पिशवीत ऑक्सिजन भरता भरता म्हणाला, “घेऊन जा बिनधास्त, मॅडम. मासा भांड्याएवढाच वाढतो.”

वाक्य सुभाषितासारखे होते. आम्ही ते वाटेत दोनदा उच्चारून पाहिले.

पहिला मासा नवव्या दिवशी गेला, दुसरा अकराव्या. दरम्यान आम्ही स्वच्छतेची पराकाष्ठा केली होती. दर दोन दिवसांनी भांडे रिकामे करायचे, खडे नळाखाली चोळून धुवायचे, पुन्हा नळाचेच ताजे पाणी भरायचे. देवघरातील तांब्या घासावा इतक्या श्रद्धेने आम्ही ते भांडे घासत होतो. मुलीने दुसरा मासा कुंडीत जास्वंदीखाली पुरला आणि विचारले, “आई, आपण मारला का?” आम्ही “नाही गं” म्हणालो. शिक्षकी पेशात माहिती नसतानाही ठाम उत्तर देण्याची एक सवय जडते. ती घरीही जात नाही.

माजी विद्यार्थ्याचे म्हणणे पडले की भांडे लहान होते. म्हणून दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी काचेची पेटी आली, स्पंजचा फिल्टर आला, हवेचा पंप आला आणि चार नवे गोल्डफिश आले. अशा पेटीत तळाचे खडे आणि वरची रिकामी जागा वजा जाता पंचावन्न लिटरच्या आसपास पाणी मावते. आठ लिटरनंतर ते आम्हाला सरोवरच वाटले. तिसऱ्या आठवड्यात चारांपैकी तीन मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागले. आम्हाला वाटले भूक लागली असेल, म्हणून खाणे वाढवले.

निदान केले ते आजींनी. आजी मालवणकडच्या, बाजारात मासा घेताना कल्ला उचलून पाहिल्याशिवाय पैसे न देणाऱ्या. घरात मासा केवळ पाहण्यासाठी आणण्याची कल्पना त्यांना पहिल्यापासून विनोदी वाटत होती. त्या दिवशी त्या चष्मा लावून पेटीसमोर बसल्या, बराच वेळ बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, “मासो बरो आसा गो, पाणीच वायट झालाहा. कल्ले बघ कसे लाल झाले ते.” मेलेल्या माशाचा लाल कल्ला ताजेपणाची खूण असतो. जिवंत माशाच्या कल्ल्याची अशी भडक, सुजलेली लाली भाजल्याची खूण असते, हे आजींना कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. पुस्तकात ते आम्हाला नंतर सापडले.

मग आम्ही वाचायला बसलो. आमच्या पेशात आधी वाचतात आणि मग करतात. येथे क्रम उलटा झाला, आणि त्याची किंमत आतापर्यंत पाच माशांनी दिली होती. वाचल्यावर जे कळले ते थोडक्यात असे. मासा खाल्लेल्यातील बराच अंश अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. नदीत तो वाहून जातो. पेटीत साचतो आणि त्याच कल्ल्यांना भाजतो. त्यावर उतारा आहे तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंचा. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने सौम्य, आणि ते पाणी बदलून वा पाणवनस्पती लावून आटोक्यात ठेवता येते. हे जीवाणू खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात, आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही तिला कधीच बसू दिले नव्हते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेले असते; त्याच पाण्याखाली आम्ही दर रविवारी स्पंज पिळत होतो. आमची स्वच्छता हाच आमचा गुन्हा होता.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री बदलले. “हो, आपण मारले,” असे आम्ही तिला सांगितले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने एक शंभरपानी वही काढली आणि पहिल्या पानावर उरलेल्या एकमेव माशाचे नाव लिहिले, भाऊ. दररोज बादलीभर शिळे पाणी भाऊसाठी राखून ठेवायचे ठरले.

आता मूळ प्रश्नाकडे. माशांच्या पुस्तकांत गोल्डफिश ‘थंड पाण्याचा मासा’ म्हणून येतो, आणि थंड पाण्याचा म्हणजे सोपा, असा एक समज त्या शब्दासोबत येतो. हा शब्द मुळात कोणाच्या घरात जन्मला, हे पाहिले पाहिजे. घरात काचेच्या पेटीत मासे पाळण्याची आधुनिक रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये रुजली. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली गोल्डफिश, गोगलगाय आणि वॅलिस्नेरिया नावाची रिबिनीसारखी पाणवनस्पती एकत्र ठेवून प्राणी आणि वनस्पती परस्परांना कसे जगवतात याची मांडणी केली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘दि अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि तो शब्द घराघरांत गेला. (इंग्रजीच्या प्राध्यापकांना हे गॉस आठवतील ते त्यांच्या मुलाच्या, एडमंड गॉस यांच्या, ‘फादर अँड सन’ या १९०७ च्या आत्मकथनातून. काचेच्या पेटीत सागर मावतो असे मानणारा बाप आणि बापाच्या श्रद्धेत न मावणारा मुलगा. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) तर, इंग्रजी घरात जे पाणी तापवावे लागत नाही ते थंड पाणी. आपल्याकडे तापवावे न लागणारे पाणी थंड असेलच असे नाही. शब्द तोच, पण हवामान बदलले की त्याचा अर्थ सरकतो. भाषांतराच्या तासाला आम्ही हेच सांगत असतो, आणि घरातल्या पेटीपाशी हेच विसरलो होतो.

म्हणून २०२२ चे संपूर्ण वर्ष आम्ही पाणी मोजले. सकाळी सात आणि दुपारी तीन, दोन नोंदी. मुलगी शाळेत असेल तेव्हा आजी. आमचे गाव घाटाच्या पायथ्याशी, पेटी उत्तरेच्या भिंतीला. जानेवारीत पहाटे पाणी १७.५ अंशांपर्यंत उतरले. पावसाळ्याचे चार महिने ते २३-२४ च्या आसपास जवळजवळ स्थिर राहिले. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी ३०.५. म्हणजे बारा महिन्यांत तेरा अंशांचा प्रवास, आणि वरचे टोक गोल्डफिशला नकोसे. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. नेमक्या त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते आणि अमोनियाचे विषही अधिक जहाल झालेले असते. एप्रिल-मे मध्ये आम्ही पेटीवर टेबलफॅन लावला, दुपारी पडदे ओढले, खाणे निम्मे केले. भाऊ तगला.

तगला आणि वाढला. वर्षअखेर तो शेपटीसह चौदा सेंटिमीटर भरला, मुलीच्या कंपासपेटीतल्या पट्टीला जवळजवळ पुरून उरला. दोन फुटी पेटीत त्याला धड वळताही येईना. साधा गोल्डफिश तीस सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो आणि पंधरा-वीस वर्षे जगू शकतो. इंग्लंडमधील टिश नावाचा गोल्डफिश ४३ वर्षे जगून १९९९ मध्ये मेला, अशी नोंद आहे. मासा भांड्याएवढाच वाढतो हे अर्धसत्यही नाही. लहान भांड्यात वाढ खुंटते ती पाणी सतत मळत राहते म्हणून. आणि खुंटलेला मासा बहुधा वाढ पुरी होण्याआधीच मरतो. तो भांड्याएवढा राहिला असे दिसते, कारण त्यापुढे तो दिसतच नाही.

हे वाक्य आम्हाला इतके का लागले, तेही सांगून टाकावे. आम्ही दोघेही एम.ए.नंतर तालुक्याला आलो, ‘तात्पुरते’ म्हणून, आणि येथेच राहिलो. त्याची खंत करण्याचे वय आता उरलेले नाही. पण दुकानातला तो विद्यार्थी बी.ए. झाल्यावर आमच्याकडे आला होता. त्याला पुण्याला एम.ए. करायचे होते. घरची शेती कोरडवाहू, वडील आजारी, धाकटी बहीण लग्नाची. आम्ही त्याला जे सांगितले ते काळजीपोटीच सांगितले: येथेच राहा, काहीतरी छोटा व्यवसाय बघ, वाचन काय घरीही होते. त्याने ऐकले. विद्यार्थ्याने आपले ऐकावे असे प्रत्येक शिक्षकाला वाटते, आणि त्याने ऐकलेच तर पुढे काय होते हे पाहायला शिक्षक सहसा थांबत नाही. त्याने ते वाक्य आम्हाला टोमणा म्हणून म्हटले नव्हते, याची आम्हाला खात्री आहे. तो ते प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत असे.

नंतर एकदा आम्ही त्याला विचारले, गोल्डफिश गोल भांड्यात टिकत नाही हे तुला ठाऊक नव्हते का? तो म्हणाला, “ठाऊक आहे, सर. पण गिऱ्हाईक भांडं आधी पसंत करतं आणि मासा मागून. सिनेमात तसंच बघितलेलं असतं. पेटी सांगितली की लोक उठून जातात.” आम्हीही भांडेच आधी पसंत केले होते.

आणि गंमत अशी की आपल्या परंपरेतील पाळलेल्या माशाची सर्वांत जुनी गोष्ट याच्या थेट उलट आहे. शतपथ ब्राह्मणातल्या मनूच्या हाती सकाळी हात धुण्याच्या पाण्यात एक इवलासा मासा लागतो. तो माशाला घड्यात ठेवतो, मासा घड्यात मावेनासा होतो; खड्ड्यात ठेवतो, तेथेही मावत नाही; शेवटी समुद्रात न्यावे लागते. ही कथा आम्ही अवतारकल्पनेच्या अंगाने अनेकदा शिकवली होती. तिच्यात मासे पाळणाऱ्याला दिलेली साधी व्यवहारी ताकीदही आहे, हे भाऊ चौदा सेंटिमीटरचा होईपर्यंत कळले नाही.

भाऊसाठी समुद्र नव्हे, पण हौद सापडला. आमचे एक निवृत्त ज्येष्ठ सहकारी पाचगणीला राहतात. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवरचे घर, मागे सिल्व्हर ओकच्या सावलीत दगडी हौद, अंदाजे दोन हजार लिटरचा. थंड पाण्याचा मासा हा शब्द महाराष्ट्रात कोठे खरा होत असेल तर अशा जागी. २०२३ च्या जानेवारीत आम्ही भाऊला झाकणाच्या बादलीत घालून घाट चढलो. मुलगी वाटभर बादली मांडीत घेऊन बसली होती. हौदात सोडल्यावर भाऊ क्षणभर बादलीएवढ्याच जागेत गोल फिरत राहिला, मग एकदम सरळ रेषेत निघाला आणि गढूळ हिरव्या पाण्यात दिसेनासा झाला. सर म्हणाले, “उद्या येईल वर, खाण्याच्या वेळी.” परतीच्या वाटेवर मुलगी बोलली नाही. घरी आल्यावर तिने वहीत फक्त ‘भाऊ, पाचगणी’ एवढे लिहिले.

आता पेटी रिकामी होती, पण पाणी जिवंत होते. जीवाणूंची वस्ती बसलेली. खायला काही मिळाले नाही तर ती उपाशी मरणार. लवकर ठरवायचे होते, आणि या खेपेला डोळ्यांना काय आवडते यावरून ठरवायचे नव्हते. मुलीने वहीच्या मागच्या पानावर तीन आकडे लिहिले: पंचावन्न लिटर, १७.५, ३०.५. या तीन आकड्यांत जो मावेल तो मासा.

सकर मासा पहिल्याच फेरीत बाद झाला. काच साफ ठेवतो म्हणून तो विकला जातो. वाढून हातभर होतो, मग लोक त्याला नदीत सोडतात, आणि आपल्या जलाशयांत तो आता कोळ्यांच्या जाळ्यात सापडतो आहे. गप्पी आमच्या पाण्यात सहज जगली असती. हिवताप विभागाची माणसे डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी हौदांत सोडतात, ते काही उगीच नव्हे. पण गप्पी दर महिन्याला पिले घालते, आणि त्या पिलांचे करायचे काय, या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. रोझी बार्ब सुंदर, भारतीय आणि काटक. पण तो आठ-दहा सेंटिमीटरचा होतो आणि त्याला थवा लागतो, म्हणजे दोन फूट अपुरे. पॅराडाइज मासा हा १८६९ मध्ये पूर्व आशियातून फ्रान्समध्ये गेलेला, युरोपातील घरगुती पेटीतल्या आद्य विदेशी माशांपैकी एक. त्याला थेट हवेतूनही श्वास घेता येतो, त्यामुळे उन्हाळ्याची भीती नाही. पण दोन नर एकत्र ठेवले की मारामारी, आणि इतर लहान माशांनाही धोका. एकटाच ठेवावा लागणारा मासा मुलीने नाकारला. कारण विचारले नाही. टाळेबंदी तिलाही आठवत असावी.

व्हाइट क्लाउड माउंटन मिनो या माशावर मात्र आमचे मन बरेच दिवस अडकले. चार सेंटिमीटरचा, कडेला सोनेरी रेघ, पंखांना लाल किनार. चीनमध्ये ग्वांगझूजवळच्या श्वेतमेघ पर्वतातील ओढ्यात तो तान नावाच्या एका बालवीर शिक्षकाला सापडला, आणि १९३२ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळाले ते ‘तानिक्थिस अल्बोन्यूब्स’. तानचा मासा, शुभ्र मेघांचा. शिक्षकाचे नाव धारण करणारा मासा, आम्ही विरघळणारच. लहान थंड पेटीसाठी पुस्तके एकमुखाने याचेच नाव घेतात, आणि ती बरोबर आहेत. इंग्लंडात, कुलूत, कदाचित पाचगणीतही. त्याला १६ ते २२ अंश मानवतात. आमच्या वहीत मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत असा एकही दिवस नव्हता. चार दिवसांचा उन्हाळा तो सोसेल, तीन महिन्यांचा नाही. आमच्यापैकी एकाने तरीही युक्तिवाद केला, की पंखा लावू, बर्फाच्या बाटल्या तरंगत ठेवू. मुलीने वही पुढे केली आणि बोट ३०.५ वर ठेवले. तर्कदुष्टता दाखवायची ही पद्धत आम्ही वर्गात वापरून पाहायला हवी.

मग नदीतलाच मासा का नको? कृष्णा दारातून जाते. विल्यम हेन्री साइक्स या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याला मुंबई सरकारने १८२४ मध्ये दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी नेमले होते. माणसे, शेते, पक्षी मोजता मोजता त्याने मासेही नोंदवले आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णने छापली. नावे देताना स्थानिक लोक ज्या नावाने मासा ओळखत ते त्याने पुष्कळदा तसेच उचलले. त्यामुळे मळ्या, कोळस, शिंगटी हे आपले शब्द लॅटिनच्या वेषात आजही जगभरच्या सूचींमध्ये उभे आहेत: गारा मुल्ल्या, हिप्सेलोबार्बस कोलस, मिस्टस सींगटी. मराठीच्या दोन प्राध्यापकांना याहून मोठे आमिष कोणते? पण मळ्या हा ओढ्याच्या खळाळात, हनुवटीखालच्या चकतीने खडकाला धरून राहणारा मासा. त्याला आमचे स्थिर पाणी म्हणजे कोंडवाडा. कोळस आणि शिंगटी पेटीच्या मानाने फार मोठे. शिवाय वाहत्या नदीतला जीव उचलून घरात आणायचा अधिकार आम्हाला कोणी दिला? ज्यांना आपल्या भाषेत नाव आहे ते मासे नदीतच राहोत, असे ठरले.

शेवटी आला झेब्रा डॅनिओ. दुकानात सर्वांत स्वस्त, सर्वांत खालच्या फळीवर, मोठ्या माशांना खाऊ म्हणूनही नेला जाणारा. चार सेंटिमीटर लांब, निळ्या रेघांचा, क्षणभरही न थांबणारा. आम्ही तोवर त्याच्याकडे पाहिलेही नव्हते. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ च्या गंगेतील माशांवरील ग्रंथात त्याचे प्रथम वर्णन केले. ‘डॅनिओ’ हे नाव बंगालीतील ‘धानी’वरून, म्हणजे भातखाचराशी असलेल्या नात्यावरून आले, असे सांगतात, धान हा शब्द विदर्भात आपणही वापरतोच. खाचरे, डबकी, संथ ओढे ही त्याची जागा. हिवाळ्यात गारठणारे, उन्हाळ्यात तापणारे उथळ पाणी हे त्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे घर. आमच्या वहीतले तेरा अंश त्याला नवे नव्हते. हाच मासा जगभरच्या प्रयोगशाळांतही आहे. अमेरिकेत ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्यावर आनुवंशिकीचे काम सुरू केले, २०१३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर अभ्यास होतो. बंगालचा हा खाचरातला मासा असा जगभर फिरून आमच्या गावच्या दुकानात खालच्या फळीवर येऊन बसला होता.

त्याला हवे ते थोडके. उंचीपेक्षा लांबी, कारण तो पोहतो आडवा. वर झाकण, कारण तो उडी मारतो. सोबत निदान सात-आठ जण, नाहीतर थव्यातला एकमेकांवरचा धाक उरत नाही आणि दोघे मिळून तिसऱ्याला छळतात. (विभागातील सभांचा अनुभव असलेल्यांना हे पटेल.) आम्ही दहा आणले. आठवड्याच्या अंतराने पाच आणि पाच, म्हणजे जीवाणूंच्या वस्तीवर एकदम भार नको. कडेला वॅलिस्नेरिया लावली. दर रविवारी चौथाई पाणी बदलायचे, आदल्या रात्री बादलीत भरून ठेवलेले. स्पंज पिळायचा तो पेटीतून काढलेल्याच पाण्यात. चकाकणारे, जनुकबदल केलेले गुलाबी-हिरवे डॅनिओही कोणी दाखवले होते. आजी म्हणाल्या, ह्यो मासो की बांगडी?

तीन उन्हाळे झाले. दहांपैकी सात आहेत. दोन म्हाताऱ्या झालेल्या माशांप्रमाणे गेले, कंबर वाकून, खाणे सोडून. एक झाकण उघडे राहिलेल्या दुपारी उडाला. तो दोष आमचा. डॅनिओचे आयुष्य तीन-चार वर्षांचे, त्यामुळे उरलेलेही फार काळ राहणार नाहीत. भाऊकडे आम्ही वर्षातून दोनदा जातो. तो आता बावीस सेंटिमीटर आहे, निदान सर तसे सांगतात. पट्टी धरू देईल इतका तो आता कोणाच्या जवळ येत नाही. ते गोल भांडे आजींनी वर फडके बांधून आमसुलांसाठी घेतले आहे.

गेल्या महिन्यात थवा पुरा करावा म्हणून तीन डॅनिओ आणायला दुकानात गेलो. आमच्या आधी एक गृहस्थ उभे होते, सोबत सहा-सात वर्षांचा मुलगा. मुलाच्या दोन्ही हातांत गोल भांडे, पसंत करून झालेले. आमच्या विद्यार्थ्याने सवयीने सुरुवात केली, “घेऊन जा बिनधास्त, मासा भांड्या…” आणि त्याचे आमच्याकडे लक्ष गेले. तो थांबला. मग त्याने मुलाच्या हातून भांडे हलकेच काढून फळीवर ठेवले आणि गृहस्थांना दोन फुटी पेटी दाखवली. फिल्टर समजावला, सहा आठवडे थांबावे लागेल हेही सांगितले. गृहस्थांनी किंमत ऐकली, बघू म्हणाले, आणि मुलाला घेऊन समोरच्या नव्या दुकानात गेले.

आमच्यासाठी जाळीने डॅनिओ पकडता पकडता त्याने विचारले, “सर, पुण्याला बाहेरून एम.ए.चा फॉर्म अजून भरता येतो का हो? वय चालतं?”

आम्ही या वेळी लगेच उत्तर दिले नाही. माहिती काढून सांगतो, म्हणालो. त्याने पिशवीत हवा भरली, रबर लावले आणि तीन माशांचे पैसे घेतले.